दिवसाढवळ्या पाट

विवाह ही पुरोहितांनी माणसाच्या गळ्यात अडकवलेली घंटा आहे, असं आमच्या मंडळाच्या पत्रकात छापलं होतं. वाक्य माझं नव्हतं. माझं काम मुद्रितं तपासायचं, आणि ती तपासता तपासता पाच-सहा क्रांतिकारकांना चहा करून द्यायचं. वाक्य होतं वणीच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं. नागपूरला शिकून आलेला. लग्नसंस्थेवर असा तुटून पडायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हिनं याच्या घरचं काहीतरी चोरून नेलंय.

मंडळ भरायचं वणीच्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत. छापखान्याचं पोट लग्नपत्रिकांवर होतं. पत्रिकांतून उरलेल्या वेळात आणि पत्रिकांतून उरलेल्या कागदावर आमची क्रांती छापली जाई. खिळे जुळवणारा म्हातारा मारुतीचा भक्त. ‘ईश्वर नाही’ या मथळ्याच्या वरही त्याचा हात सवयीनं ‘॥ श्री ॥’ जोडून मोकळा व्हायचा. मी खोडायची, तो पुन्हा जोडायचा. शेवटी एकदा म्हणाला, “बाई, खाली तुमाले जे लिवाचं ते लिवा. माथा माह्या हाती राहू द्या.” आमची नास्तिकतेची निम्मी पत्रकं अशी श्रीकारासकट जिल्हाभर गेली. कुणाचीही तक्रार आली नाही. यावरून ती किती जण वाचत होते याचा अंदाज यावा.

तर त्या घंटावाल्याचं लग्न पुढच्याच माघात झालं. घोडा होता, बँड होता, अंतरपाट होता, दोन भटजी होते. आम्ही सगळे गेलो होतो. जेवण उत्तम होतं. मंडपाच्या दारात अक्षतांच्या पुड्या वाटत होते. माझ्या हातात आलेली पुडी मी उलगडली तर आत ओळखीचं वाक्य. न खपलेली पत्रकं छापखान्यातून रद्दीत त्याच्याच घरी गेली होती आणि त्यांच्या पुड्या वळल्या होत्या. पुरोहितांनी अडकवलेल्या घंटेतून तांदूळ काढून मी नवरदेवावर टाकले. पुढच्या बैठकीत त्यानं खुलासा केला, “आईसाठी करावं लागलं.” सगळ्यांनी समजून घेतलं. आमच्या जिल्ह्यातला नास्तिक पुरुष स्वतः काहीच करत नाही. पूजा आईसाठी, मुंज आजीसाठी, हुंडा वडिलांसाठी. स्वतःसाठी तो फक्त पत्रक लिहितो.

आता माझ्याविषयी. मारेगावच्या बाजूला आमचं गाव. पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि सोळाव्या वर्षी नवरा मुदतीच्या तापानं गेला. सासरच्यांनी त्याच्यासाठी सगळे नवस केले, एक डॉक्टर सोडून. देव नाही हे मला कोणा पत्रकातून कळलेलं नाही. मी परत आले, आणि बाबांनी, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, मला चुलीपाशी न बसवता शिकायला यवतमाळला घातलं. शिकून मी गावच्याच शाळेत मास्तरीण झाले. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मालाच्या मोटारीनं वणी गाठायची आणि क्रांती करून रविवारी परत यायचं, असा माझा क्रम होता.

मंडळात एक जण बोलायचा कमी. तो मलेरिया खात्यात होता. पाठीवर पंप घेऊन गावोगाव घरांत डीडीटी मारायची, भिंतीवर फवारणीची तारीख लिहायची आणि शिव्या खायच्या, असं त्याचं काम. शिव्या ढेकणांवरून. डास मरायचे की नाही हे लोकांना दिसत नसे, पण ढेकूण चवताळून वाढतात यावर मात्र सगळ्या तालुक्याचं एकमत होतं. एकदा वकीलसाहेब, म्हणजे आमचे अध्यक्ष, प्रेमावर बोलत होते. दोन मनं जुळली की झालं, साक्षीदार, सोहळा, शपथ ही सगळी भोंदूगिरी. प्रेम आहे तोवर सोबत, प्रेम संपलं की वाट मोकळी. हा कमी बोलणारा माणूस म्हणाला, “मग वकीलसाहेब, प्रेम संपलं हे बाईले कोण कळवते? टपालानं येते काय?” मी हसले. माझ्या हातातला चहा मुद्रितावर सांडला. आमचं जुळलं ते तिथं.

लग्नाचं त्यानं विचारलं तेही त्याच्याच रीतीनं. म्हणाला, “माह्या घरी कोणी नाही. केळापूरले एक मोठा भाऊ हाये, तो येणार नाही. मले सैपाक येत नाही. अंगाले डीडीटीचा वास येते.”

“आणखी काही?”

“देव मानत नाही.”

“ते ठीक,” मी म्हटलं. “सैपाकाचं पाहून घेऊ.”

घरी सांगितलं तेव्हा मी भांडणाच्या पूर्ण तयारीनं गेले होते. मनात एक अख्खं पत्रक तयार होतं, चार मुद्द्यांचं. बाबांनी त्याची गरजच ठेवली नाही. सुपारी कातरता कातरता म्हणाले, “माणूस सरकारी हाये म्हणते. बरं हाये. आपल्यात पाटाले कोणी नाही म्हटलं नाही कधी. एखाद्या रात्री उरकून घेऊ.”

पाट. हे मी विसरलेच होते, म्हणजे विसरायचं ठरवलं होतं. आमच्या जातीत विधवेला दुसरं घर करता येतं, याचा आमच्या लोकांना फार अभिमान. भटा-बामणासारखं आपल्यात नाही, म्हणतात. खरंच नाही. आपल्यात विधवेचा पाट लागतो तो अंधार पडल्यावर, गोठ्याच्या कडेला. हळद नाही, अंतरपाट नाही, वाजंत्री नाही. दोघांना दोन पाटांवर बसवायचं, बाईच्या अंगावर नवं लुगडं टाकायचं, आणि उजाडायच्या आत दोघांना गावाच्या शिवेबाहेर घालवायचं. तिथं जमायचं ते पुरुषांनी आणि विधवांनी. कुमारिकेनं फिरकायचं नाही. आणि सवाष्ण बाईनं पाटाच्या नवरीचं तोंड पाहायचं नाही. पाहिलं तर तिचं कुंकू जातं, म्हणजे नवरा मरतो. दुसरं लग्न करायची मोकळीक आहे. फक्त चोरी केल्यासारखं करायचं.

“अंधारात नाही,” मी म्हटलं. “दिवसा. शाळेच्या आवारात. सगळ्यांदेखत.”

बाबांच्या अडकित्त्यात सुपारी तशीच राहिली. मोठी माय, म्हणजे बाबांची थोरली भावजय, दारात वाती वळत होती. ती स्वतः विधवा, त्यामुळे गावातल्या सगळ्या पाटांना हजर राहायचा मान तिचा. तिला या विषयातलं सगळं कळत होतं. ती म्हणाली, “दिवसा काहून व? रात्री नवरा दिसत नाही काय तुले?”

“मला दिसतो. मला तो मायला दाखवायचाय.”

माय चुलीपाशी होती. आता फुंकणी खाली ठेवून म्हणाली, “मले तं तिथं उभं बी राह्यता येत नाही बाई. तुह्यं पह्यलं लगन मी पाह्यलं. आता नारळ मी आधीच देऊन ठेवीन.”

“तू येणार नाही?”

“तुह्या बापाले काही झालं तं?”

तिनं हे अगदी साध्या आवाजात विचारलं, गाईला चारा टाकला का विचारावं तसं. माझ्या चार मुद्द्यांत हा मुद्दाच नव्हता. बाबा समोर धडधाकट बसलेले, दरवर्षी जोंधळ्याची पोती पाठीवर वाहणारे. आणि या माणसाचा जीव माझं तोंड कुणी कधी पाहिलं यावर टांगलेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला लग्नात एकच गोष्ट हवी आहे. देव नको, भटजी नको, हळदही नको. मी नवरी होऊन उभी असताना मायनं माझ्याकडे पाहावं. बस.

आधार घ्यायला मी कुठं गेले असेन? अर्थातच क्रांतीकडे. शनिवारी वणी गाठली आणि मंडळापुढे विषय ठेवला. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं आवार रिकामं असतं, मारेगावच्या बाजाराची वाट तिथूनच जाते, बाजाराच्या दिवशी तिथं लग्न लावू. तुम्ही सगळे या. गाव पाहील की विधवेचं लग्न उजेडात लागतं आणि कुणी मरत नाही.

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसायला लागले की तत्त्व येणार हे ठरलेलं. “भगिनी,” ते म्हणाले, “आपली भावना समजतो. पण सोहळा कशासाठी? यवतमाळला जाऊन कायद्यानं नोंदणी करा. विवेकी माणसाला तेवढं पुरे. गाजावाजा हा मुळात धार्मिक मनाचा अवशेष आहे.”

“नोंदणी करणारच आहे. पण गावातलं कोण यवतमाळला नोंदणी वाचायला जाणार?”

“गावाचं कशाला पाहता? शांतपणे उरका, दोघांचं दोघांत.”

घंटावाला म्हणाला, “मी तर म्हणतो नोंदणी तरी कशाला?” त्याच्या बोटात सासऱ्यानं दिलेली अंगठी होती; ती फिरवत म्हणाला.

मी त्या खोलीत उभी राहिले आणि मला बाबांच्या अडकित्त्याचा आवाज ऐकू यायला लागला. एखाद्या रात्री उरकून घेऊ. शांतपणे उरका. शब्दसुद्धा तोच. एकाला शास्त्रामुळे माझं लग्न दिसायला नको होतं आणि दुसऱ्याला शास्त्र नसल्यामुळे. हे तर मी बोलूनच दाखवलं.

“वकीलसाहेब, तुमच्यात आणि माह्या मोठ्या मायमध्ये फरक काय? ती म्हणते अंधारात कर, देवाले चालत नाही. तुम्ही म्हणता अंधारात करा, देव नाही. मले अंधारच येते ना वाट्याले?”

“तसं नव्हे भगिनी, तत्त्वतः...”

“तत्त्वतः तुमचं लग्न कसं झालं?”

खोलीत कुणीतरी खाकरलं. वकीलसाहेबांचं लग्न हत्तीवरून झालं होतं, हे साऱ्या वणीला ठाऊक होतं. हत्ती भाड्यानं चांद्याहून आणला होता. ते म्हणाले, “तो काळ वेगळा होता.”

“मग त्या काळातला हत्ती तुमाले, आणि या काळातला विवेक मले. चांगली वाटणी हाये.”

म्हणजे पाहा, ज्यांचं लग्न सगळ्या गावानं एकदा पाहिलेलं असतं त्यांनाच लग्नाला लोक लागत नाहीत असं वाटतं. पोटभर जेवलेल्यानं उपवासावर पत्रक काढावं, तसं. वचन देवाला द्यायचं नसतं, इथवर मंडळाचं खरं होतं. देव कधी साक्षीला उभाही राहिलेला नाही. उद्या नवऱ्यानं टाकलं तर तो येऊन सांगत नाही की बाबा रे, तू माझ्यासमोर कबूल केलं होतंस. शेजारीण मात्र सांगते. आयुष्यभर सांगते, न विचारता सांगते. मला ती शेजारीण हवी होती. नास्तिकाला तर ती आस्तिकापेक्षा जास्त लागते, कारण त्याला दुसरा कोणी साक्षीदारच नाही.

खरा राग मला आला तो परतताना. माझा मलेरियावाला मोटारीच्या थांब्यापर्यंत सोबत आला आणि म्हणाला, “तू बरोबर बोलली. पण पाह्य, आपण दोघं असलो की झालं. बाकीच्याचं कायले पाह्यतं?”

मी थांबले. म्हटलं, “तुम्ही घर फवारलं की भिंतीवर काय करता?”

“तारीख लिवतो.”

“कायले? औषध तर मारलं ना. तुमाले माहीत, डासाले माहीत.”

“तपासणारा येते मागून. त्याले दिसलं पाह्यजे ना.”

“न लिहिता गेला तर?”

“फवारलंच नाही म्हणते मग तो.” एवढं बोलून त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मान खाजवली. मग म्हणाला, “बाजाराचा दिवस कोणता म्हटला तू?”

दिवस ठरला तो तुळशीच्या लग्नाआधीचा. तेव्हा देव झोपलेले असतात आणि लग्नं लागत नाहीत. आम्हाला चालत होतं. त्यांना उठवायचा आमचा बेत नव्हताच. केळापूरच्या मोठ्या भावाला कळवलं. दुसऱ्या कोणत्याही आठवड्यात आला असता, पण नेमका त्याच दिवशी त्याचा कापूस फुटणार होता. बाबांनी निरोप धाडला नाही, घरातल्या घरात स्वतःच अंगणात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “दिवसा करशील तर आमी कोणी येणार नाही. तुह्या मायले मी अडवत नाही. तिनं माह्या जिवाचं काय करायचं ते तिनं पाहावं.” यापेक्षा घट्ट अडवणं मी पाहिलेलं नाही.

लग्नाच्या सकाळी मी माहेरच्या घरातून निघाले ती एकटी. माय मागच्या दारी होती. तिनं ठरल्याप्रमाणे नारळ आधीच ओट्यावर ठेवला होता. गल्लीतून जाताना एकेक दार आतून लागत गेलं. उन्हं पार वर आली होती आणि सगळ्या गल्लीला कड्या. ज्या बायका एरवी माझ्या मास्तरकीमुळे आपली पोरं माझ्यापुढे आणून उभी करत, त्या आपापल्या नवऱ्यांचे प्राण वाचवत घरात बसल्या होत्या. त्यातल्या दोघी-तिघींचे नवरे कसे होते हे ठाऊक असल्यानं मला त्यांच्या घाईचं नवल वाटलं.

शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली मंडळ होतं. सगळे आले होते, हे कबूल करायला हवं. फक्त घंटावाला नव्हता, त्याच्याकडे बारसं होतं. मोठी माय एका दगडावर तपकीर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “पाट म्हटला की मी आलीच पाह्यजे. रात्रीचा असो का उन्हातला.” गावातले काही बाप्ये कुंपणापलीकडे बिड्या ओढत होते. आणि बाजाराला निघालेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया डोक्यावरची पाटी न उतरवताच थांबल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्या निवांत पाहत होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी, तिला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत, तिनं मला विचारलं, “नवरी कोठे हाये?”

“मीच.”

“अन् तुही माय?”

तेवढ्यात वकीलसाहेब बोलायला उभे राहिले. विवाहाचा इतिहास त्यांनी आदिमानवापासून धरला. आदिमानव शेतीपर्यंत आला तोवर बाप्यांच्या बिड्या संपल्या. माझा नवरा धुवट सदऱ्यात उभा होता आणि सदऱ्यालाही डीडीटीचा वास होता. साहेब पुरोहितशाहीच्या उगमाशी पोचले असतील, तेव्हा बाजाराच्या वाटेवरून मला माय येताना दिसली.

डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. सरळ आवारात आली, निंबापासून थोड्या अंतरावर थांबली, आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

वकीलसाहेबांची पुरोहितशाही तिथंच राहिली. मायनं तिचा मार्ग काढला होता. शास्त्रात पाहायला बंदी आहे. हजर राहायला बंदी आहे असंही म्हणतात, पण पाठ फिरवून उभ्या असलेल्या बाईला हजर म्हणायचं की नाही याचा निकाल द्यायची वेळ आजवर कुणावर आली नसावी. मोठी माय तपकीर विसरून म्हणाली, “काय व, कोणाच्या मळणीले आली की काय तू?”

“उभी हावो,” माय म्हणाली. “ऐकून राह्यली.”

मग आम्ही बोललो. तो म्हणाला, “मी हिच्याशी लगन करून राह्यलो. सोडणार नाही. सैपाक शिकीन.” एवढंच, लिहून दिलेलं होतं ते सगळं विसरला. मी म्हणाले, मी याच्याशी लग्न करते आहे, दिवसा, शुद्धीत, तुम्हा सगळ्यांसमोर. मीही सोडणार नाही. आणि आमच्यापैकी कोणी विसरलं तर तुम्ही आठवण द्या, तेवढ्याचसाठी तुम्हाला बोलावलंय. हे सगळं मी मायच्या पाठीकडे पाहून बोलले. त्या पाठीवर चोळीची शिवण उसवली होती, आणि मला त्या क्षणाला दुसरं काहीही दिसत नव्हतं.

लग्न संपलं होतं. मला हवं ते झालं नव्हतं. मी नवऱ्याचा हात धरला आणि मायला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मायनं पटकन तोंड फिरवलं. मी पुन्हा वळसा घातला. ती पुन्हा फिरली. “बाई, नको,” ती पदरातून म्हणाली, “नको ना व.” मी फिरतच होते, नवरा मागून ओढला जात होता, त्याची चप्पल केव्हाच निसटली होती. माय मध्ये, आम्ही भोवती. तांड्यावरच्या बाया हसायला लागल्या. कुंपणावरचे बाप्ये आत सरकले.

मोठी माय दगडावरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “फेरे घेऊन राह्यले का काय हे?”

“मायभोवती फेरे?” कुणी बाप्या म्हणाला.

“मंग काय झालं. पेटल्या इस्तवापेक्षा माय बरी. पाटात फेरे नसतात, हे लगनच झालं मंग.”

वकीलसाहेब घाईनं पुढे झाले. “नाही, नाही, हा विधी नव्हे. याचा कुणी असा अर्थ...” त्यांचं ऐकतो कोण. सप्तपदीवर मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं, खरमरीत. आणि आता सगळ्या तालुक्यादेखत गरगर फिरत होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला ते तोंड पाहिजे होतं.

शेवटी माय मटकन खाली बसली. “बस कर व,” म्हणाली, “मले चक्कर येऊन राह्यली.” आणि घाम पुसायला तिनं पदर वर केला. मी समोरच होते. तिनं पाहिलं. नीट, खालपासून वरपर्यंत, आधी लुगडं, मग मी, मग माझ्या मागे एका चपलेवर उभा असलेला माझा नवरा. म्हणाली, “लय वाळला हाये हा.” मग माझ्या गालावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

ही गोष्ट इथं संपली असती तर मंडळाला आवडलं असतं. पण आठवडाही झाला नाही आणि बाबांना हुडहुडी भरली. आधी थंडी, मग ताप, मग घाम. एक दिवस बरे, की पुन्हा थंडी. गल्लीची बंद दारं एकदम उघडली. एरवी अंगणातही न येणाऱ्या बायका रोज विचारपूस करून जात आणि जाताना मायच्या कपाळाकडे पाहत. मोठी माय उतारा घेऊन आली. पाट लागल्यापासून आम्ही शाळेच्या मागच्या खोलीत राहत होतो. तिथवर सगळ्या बातम्या येत, बोलावणं मात्र येत नव्हतं.

बोलवायला माय आली. भर दुपारी, सगळ्या गल्लीतून. मला म्हणाली नाही काही, जावयाला म्हणाली, “तुमचंच काम हाये म्हणते ना हे? चला.”

बाबा तोवर जावयाशी एक शब्द बोलले नव्हते. हा खाटेपाशी बसला, काचेची पट्टी काढली, सुई काढली आणि म्हणाला, “बोट द्या.”

बाबा रजईतून म्हणाले, “पोरगी नेली. आता रगत बी नेता काय?”

“थेंबभरच नेतो.”

“लिवून द्या मंग. या सरकारचा भरवसा नाही.”

त्यानं बोट टोचलं, गोळ्या दिल्या, त्या समोर गिळवल्या. निघताना सवयीनं भिंतीवरची फवारणीची तारीख पाहिली आणि हळूच मला म्हणाला की या घरात मायनं पंपवाल्यांना ढेकणांच्या भीतीनं आत येऊच दिलं नव्हतं. तारीख आहे ती बाहेरच्या भिंतीची. म्हणजे बाबांवर आलं ते माझ्या तोंडावरून नव्हे, ढेकणांवरून. हे मी मोठ्यानं सांगणार होते. सांगितलं नाही, कारण मायचं आणि मोठ्या मायचं उंबऱ्यात बोलणं चाललं होतं.

“तरी म्हणत होती मी, पाहू नको,” मोठी माय म्हणत होती. “आता तरी उतारा टाक. अन् चाळीसेक दिवस तिचं तोंड पाहू नको.”

“उतारा ठेव तिथं, टाकते,” माय म्हणाली. “तोंडाचं नाही जमत. शाळा इहिरीसमोरच हाये. पाणी आणाले गेली की दिसते ती.”

बाबा बरे झाले. हे लिहिते आहे तेव्हाही ते बरेच आहेत, आणि जावई फवारायला आला की घरात ढेकूण किती झाले ते मोजून दाखवतात. ताप गोळ्यांनी उतरला की उताऱ्यानं, हा वाद गावात अजून मिटलेला नाही. मंडळानं आमच्या लग्नाचं पत्रक काढलं. त्यात फेऱ्यांचा उल्लेख नाही आणि माथ्यावर ‘॥ श्री ॥’ आहे. मी ते मायला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माह्यं काहीच नाही यात. मी नव्हती काय तिथं?”